बाणाईची जागा

देवाकडून घेण्यासारखं पुष्कळ असतं. आमच्या आबांनी खंडोबाकडून एकच गोष्ट घेतली, दोन बायका. घोडा, तलवार, दैत्यांचा संहार या भानगडीत ते पडले नाहीत. दैत्य मारायचे म्हणजे सकाळी लवकर उठावं लागतं.

कुणी याबद्दल छेडलंच तर वडलांचं, म्हणजे आबांचं, उत्तर तयार असायचं. पारावर असोत, निमगाव केतकीच्या बाजारात असोत, नाहीतर डाळिंबाचे क्रेट भरताना असोत. "देवाला दोन चालत्यात, मग मी कोन लागून गेलोय?" समोरचा हसायचा, आबाही हसायचे आणि विषय चहावर जायचा. कायद्याला दुसरी बायको चालत नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण कायदा आमच्या मळ्यापर्यंत कधी आलाच नाही. मधला रस्ता फार खराब होता.

खंडोबाची गोष्ट आमच्या भागात शेंबड्या पोरालाही पाठ असते, तरी सांगते. म्हाळसा ही थोरली, वाण्याच्या घरची, वाजतगाजत आणलेली. बाणाई धाकटी, धनगराची लेक. तिच्यासाठी देव गड सोडून खाली उतरला, तिच्या बापाच्या घरी चाकरीला राहिला, मेंढरं राखली, मेंढरं धुतली आणि शेवटी तिला घेऊन आला. तिनं पुढं जन्मभर त्याच्यावर जीव टाकला. जेजुरीला म्हाळसा गडावर देवाशेजारी आहे. बाणाईचं देऊळ डोंगराच्या निम्म्यात. वर निघालेल्या माणसानं जाता जाता हात जोडावेत आणि दम लागला नसेल तर पुढं चालू लागावं, अशी ती सोय आहे.

आबांनी ही सोयही बरोब्बर उचलली. थोरली बायको गावातल्या घरात आणि माझी आई मळ्यात. मधलं अंतर असं, की हाक मारली तर ऐकू जाऊ नये आणि डबा पाठवला तर गरम पोचावा.

थोरलीला मूल झालं नाही. मग देवाची इच्छा म्हणून बावड्याकडची, रोजानं जाणाऱ्या घरातली एक मुलगी आणली. ती माझी आई. आधी मी झाले, तेव्हा देवाची इच्छा जरा चुकली असं सगळ्यांचं मत पडलं. मग भाऊ झाला आणि देव पुन्हा शहाणा ठरला. भाऊ अंगावरचं दूध सुटून चालायला लागला तसा गावातल्या घरी गेला. कारण काय, तर शाळा जवळ पडते. मीही त्याच शाळेत जायचे, मळ्यातून चालत. माझ्यासाठी ती बहुतेक वेगळ्या अंतरावर होती.

भाऊ थोरलीला आई म्हणायला लागला. मग माझ्या आईला काय म्हणायचं, हा प्रश्न आला. घरातल्या जाणत्यांनी विचार करून 'मावशी' असं ठरवलं. एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण पोराचा गोंधळ नको म्हणून मलाही सांगण्यात आलं, की गावातल्या घरात तूपण तिला मावशीच म्हण. मळ्यात तुला काय म्हणायचं ते म्हण. म्हणजे माझी आई ही जागेवर अवलंबून असलेली गोष्ट होती. मळा आणि गाव यांच्यामधला कॅनॉल ओलांडला की ती मावशी व्हायची. सणावाराला गावातल्या घरी स्वयंपाकाला यायची तेव्हा मी तिला काहीच म्हणायचे नाही. पदर ओढायचे.

आई ओरडली नाही, रडली नाही, माहेरी निघून गेली नाही. मी तिच्या जागी असते तर या तिन्ही गोष्टी एका दुपारी केल्या असत्या. तिनं मात्र ऊस बघितला, म्हशी बघितल्या आणि पोर दिसायचं तेव्हा पोराकडे बघितलं.

आता यातली खरी गंमत सांगते. आमच्या भागात बाणाईइतकी लाडकी बाई दुसरी नाही. लग्न झालं की आमच्यात जागरण घालतात, खंडोबाचं. वाघ्या-मुरळीची पार्टी येते, दिमडी वाजते, देवाच्या कथा गायल्या जातात. म्हाळसेचं लग्न चालू असतं तेव्हा लोक तंबाखू मळत असतात. बाणू मेंढरं घेऊन आली रे आली, की मांडव उठतो. ज्यांनी आयुष्यात शेळीला पेंडी टाकली नाही ते डोक्याला टॉवेल गुंडाळून धनगर होतात. म्हाळसा आणि बाणूचं भांडण लागलं, की सगळा मांडव बाणूच्या बाजूनं. ती म्हाळसेला एकेक असा टोला देते, की बाप्ये शिट्ट्या मारतात आणि बायका पदराआड हसतात. आबा तर पुढच्या रांगेत बसून डोळे पुसायचे. धाकटीवर किती अन्याय झाला म्हणून त्यांना फार वाईट वाटायचं. त्या वेळी माझी आई मागं चुलीवर शंभर माणसांच्या पुरणाला हाटत असायची.

मी शिकले, बारामतीला एका शाळेत लागले, तिथंच खोली घेऊन राहिले. पोरांना इतिहास शिकवते. राजाला किती राण्या होत्या हे पोरं आवडीनं पाठ करतात. शनिवारी शाळा सुटली की एसटीनं मळ्यात, सोमवारी पहाटे परत, असा माझा फेरा. भावानं इंदापूरला ठिबकचं दुकान टाकलं. ते बरं चालतं. भाऊ मनानं वाईट नाही. फक्त त्याला कुणाला नाही म्हणता येत नाही, त्यामुळे तो सगळ्यांना हो म्हणतो आणि शेवटी करत काहीच नाही.

त्याचं लग्न ठरलं. मुलगी कन्हेरीची, भाजीपाल्याची शेती असलेल्या घरातली. बारावीनंतर नर्सिंग केलेली. लग्न बारामतीच्या कार्यालयात आणि दोन दिवसांनी जागरण गावातल्या घरापुढं. जागरणाला गव्हा-तांदळाचा चौक भरतात, त्यावर पाच उसांचा मांडव धरतात, देव्हाऱ्यातले देव आणून मांडतात. त्यापुढं नवरा-नवरी आणि नवऱ्याचे आई-बाप बसतात. नवऱ्याची आई नव्या सुनेच्या कपाळाला भंडारा लावते आणि तिथून ती पोर घरची होते.

लग्नाच्या आधीच्या शनिवारी मी आईला सहज विचारलं, "तू काय नेसणार जागरणाला?"

ती म्हशीच्या धारा काढत होती. धार थांबली नाही. म्हणाली, "नेसायचं काय, आत तर असनार मी. पन एकदा बसावं वाटतंय बग."

"कुठं?"

"चौकापाशी. त्याच्या शेजारी न्हाय म्हनत मी. पन हितंच कुठंतरी, खाली. पोरगं दिसंल असं."

मी तिच्या पोटी जन्मले तेव्हापासून तिनं स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. नवं लुगडं नाही, देवदर्शन नाही, दुखण्यात डॉक्टरसुद्धा नाही. आणि आता मागितलं ते काय, तर जमिनीवर हातभर जागा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तशीच उठले आणि गावात गेले.

आबा ओट्यावर मोबाइल बघत बसले होते. मोबाइलवर जागरणच चाललं होतं आणि बाणू नेमकी मेंढरं हाकत होती. मी म्हटलं, आई जागरणाला चौकापाशी बसणार. आबांनी आवाज कमी केला, बंद नाही केला.

"माझं काय न्हाय गं. मला दोघी सारख्याच. थोरलीला इचार."

थोरली आत गव्हाचे खडे काढत होती. गुडघ्यांनी बेजार, पण घरातली चावी आजही तिच्या कमरेला. माझं बोलणं पुरं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जागरनाला आई-बाप बसत्यात. त्याची आई कोन, ते त्यालाच इचार की. मला कशाला इचारतीस?"

भावाला फोन लावला. तो आधी म्हणाला, "व्हय, बसू दे की ताई, त्यात काय." मग म्हणाला, "पन आईला बरं वाटंल का?" मग म्हणाला, "सासरवाडीची मानसं असतील, आत्ताच कशाला हे काढतीस?" जणू कन्हेरीकरांना काही माहीतच नव्हतं. त्यांनी होकार द्यायच्या आधी आमच्या घराची आबांच्या रक्तदाबापर्यंत चौकशी केली होती.

अशी ही हातभर जागा तिघांच्या हातातून फिरून परत माझ्याकडं आली. दुसऱ्या दिवशी भावाचाच फोन. आवाजात तोडगा सापडल्याचा आनंद. "ताई, मावशीसाठी खुर्ची ठेवतो. स्वयंपाकाच्या दाराशी, म्हंजे तिला आतलं बी बघता येईल. कव्हर घातलेली, मागं रिबीन बांधलेली. पाव्हन्यांना देत्यात तसली."

ज्या कार्यात घरची माणसं जमिनीवर बसतात, तिथं माझ्या आईला खुर्ची मिळाली. तीही रिबिनीची. मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं हाय की." आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली. तिचा चेहरा पडला होता. मला भावाचा, आबांचा, थोरलीचा आणि त्या रिबिनीचा भयंकर राग आला.

जागरणाच्या आदल्या दिवशी देव उजळायचे होते. आमच्या देव्हाऱ्यात चांदीचे टाक आहेत. टाक म्हणजे तळहाताएवढा पत्रा, त्यावर देवाची मूर्ती उठवलेली. काही घरांत खंडोबा आणि म्हाळसा एकाच घोड्यावर असतात. आमच्यात तिघांचे तीन वेगळे आहेत. खंडोबा, म्हाळसा, बाणाई. पिढ्यान्‌पिढ्या घासून घासून तिघांची नाकं-डोळी गेली आहेत. खंडोबा घोड्यावरून ओळखू येतो. दोघी बायका मात्र आता सारख्याच दिसतात. दोन उभ्या बायका, अंगभर पदर, चेहरा नाही.

थोरलीचा दंडक कडक. म्हाळसा खंडोबाला लागून. तिला रोज हळदकुंकू, फूल, मंगळवारी वेणी. आणि बाणाई मागं, घंटेच्या आडोशाला. तिचं ती नावही घ्यायची नाही. "तिला तिकडं ठेव," एवढंच. फूल उरलं तर वाहायचं. आबा आंघोळ करून रोज देव्हाऱ्यापुढं उभे राहायचे, आधी खंडोबाला, मग शेजारच्या म्हाळसेला हात जोडायचे, आणि घंटा वाजवली की मागच्या बाणाईलाही आपोआप ऐकू जायचं.

पूजा थोरलीची, घासणं माझ्या आईचं. हेही कधी कुणी ठरवलं नव्हतं, तरी पक्कं होतं. प्रत्येक सणाआधी देव फडक्यात बांधून मळ्यात यायचे, आई हौदावर बसून चिंच आणि राख लावून लख्ख करायची आणि फडक्यात बांधून परत पाठवायची. देवांनाही मळ्यात यायचं तर काळं होऊनच यावं लागायचं.

त्या दिवशी मी तिच्यासोबत हौदावर बसले. बसले म्हणजे धुसफुसत बसले. हळदकुंकू चिकटलेला म्हाळसेचा टाक हातात घेऊन मी जरा जास्तच जोर लावला असणार. "ह्या बाईचं बघ," मी म्हटलं, "हिला रोज वेणी. घास घास घासायची तू आणि शेजारी बसायची ही."

आईनं माझ्या हातातला टाक घेतला, पाण्यात बुडवला आणि उन्हात तिरका धरला. "हिच्या पायापाशी बघ."

मला काही दिसलं नाही. "बोट फिरव," ती म्हणाली. मी बोट फिरवलं. मूर्तीच्या पायाशी एक उंचवटा लागला, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. तिनं ओल्या राखेचं बोट त्यावरून ओढलं तशी खोबणीत काळी रेघ उमटली. चार पाय, मान वर केलेली. कोकरू होतं ते.

मी दुसरा टाक उचलला. घंटेच्या आडोशाचा, उरलं तर फूल मिळणारा. त्याच्या पायाशी काही नव्हतं. साफ.

मला हे समजायला थोडा वेळ लागला, आणि समजलं तेव्हा मी इतक्या जोरात हसले की म्हैस दचकली. थोरली इतकी वर्षं जिला म्हाळसा म्हणून देवाला खेटून बसवत होती, जिला वेणी माळत होती, ती बाणाई होती. आणि जिला ती तोंड बघायला नको म्हणून घंटेमागं टाकत होती, ती बिचारी म्हाळसा. वाण्याघरची, वाजतगाजत आणलेली.

"तुला कधीपासून माहीत?"

"लगीन होऊन आले त्याच साली. पयल्यांदा घासाय दिलं तवाच कोकरू घावलं. देवाशेजारी ती मागनं बसली."

"मग बोलली का नाहीस?"

आईनं टाक पुसून फडक्यावर ठेवला. "बोलून काय? तिथनं बी उठवली असती तिला."

माझं हसू तिथंच संपलं. मी म्हटलं, उद्या मांडवात मी सांगते सगळ्यांपुढं. तिनं माझा हात धरला. राखेचा, ओला, घट्ट. "न्हाय सांगायचं. माझी शपथ हाय तुला. ती बसलीया, बसू दे." आईची आज्ञा पाळणं मला फारसं जमत नाही, पण त्या दिवशी जमवलं.

जागरण. नाव जागरण, वेळ दुपारी अकरा. पूर्वी रात्रभर जागायचे म्हणून तसं नाव पडलं. आता पार्टीला संध्याकाळी इंदापूरला दुसरी सुपारी असते, आणि पाहुण्यांना दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं असतं. देवानंही वेळ बदलून घेतली आहे. मांडवात पंखे, कूलर, मोठा पडदा. पडद्यावर आबांचं तोंड केवढं तरी मोठं दिसत होतं. पार्टीच्या म्होरक्या वाघ्याच्या कानाला माइक लावलेला. तो श्वास घ्यायचा तोही कर्ण्यातून वस्तीभर ऐकू जायचा.

नवरा-नवरी बसली. आबा बसले, थोरली गुडघ्याखाली उशी घेऊन बसली. माझी आई दाराशी खुर्चीवर. रिबीन गुलाबी होती. खुर्चीच्या टोकावर बसली होती ती, परक्या घरी चहा मिळेपर्यंत बसतात तशी. हाताला पुरणाचा वास, नव्या लुगड्याच्या घड्या अजून दिसणाऱ्या. भाऊ एकदा तिच्याकडं बघून हसला. खुर्ची दिल्याचं समाधान होतं त्याच्या तोंडावर.

वाघ्यानं देव मागितले. थोरलीनं फडकं सोडलं आणि एकेक टाक त्याच्या हातात देऊ लागली. "हा देव." त्यानं मांडला. "ही म्हाळसा." त्यानं घेतला, मांडायला वाकला आणि थांबला. अंगठ्यानं चाचपला. उजेडात धरला. आईनं आदल्या दिवशी इतका लख्ख उजळला होता की कोकरू आता उघड दिसत होतं. निष्ठेनं काम केलं की असं होतं.

"आवो आत्या," वाघ्या म्हणाला, आणि कर्ण्यातून सगळी वस्ती ऐकायला लागली, "ही म्हाळसा न्हाय. ही बानाई हाय. पायापाशी कोकरू हाय की हिच्या."

थोरलीच्या तोंडावर काही उमटलं नाही. आबा मात्र ताडकन पुढं झाले. "काय म्हनतोस? आन आमी रोज..." इतकी वर्षं म्हाळसा समजून बाणाईला हात जोडले, हे पडद्यावर केवढं तरी मोठं झालं. मग त्यांना कर्तेपणा आठवला. "आरं मग चूक सुधार की लगीच! म्हाळसा घे देवाशेजारी. तिला ठेव तिकडं, कडंला."

माझ्या आयुष्यात आबांनी इतक्या तातडीनं कुठलीही चूक सुधारलेली मी पाहिली नव्हती. मांडवातले सगळे मान हलवत होते. हेच लोक अर्ध्या तासात बाणूसाठी शिट्ट्या मारणार होते. वाघ्यानं म्हाळसेला देवाजवळ मांडलं आणि बाणाईला उचलून चौकाच्या अगदी कडेला, स्वयंपाकाच्या दाराच्या बाजूला ठेवलं. तिथनं बी उठवली तिला.

मी आईकडं बघितलं. ती उठून उभी राहिली होती. मला वाटलं, आत जाते आता. पण ती पुढं आली. माणसांच्या मधनं, कुणाला धक्का न लावता, पदर सावरत. चौकाच्या कडेला आली आणि बाणाईच्या टाकाशेजारी, थोरलीच्या बाजूला, जमिनीवर मांडी घालून बसली.

"अगं, हितं कुठं?" आबा दबक्या आवाजात म्हणाले. "तुला खुर्ची हाय की तिकडं."

आईनं वर बघितलं नाही. टाकावर उडालेला गव्हाचा दाणा बोटानं बाजूला केला. "खुर्चीवर पाव्हनं बसत्यात," ती म्हणाली. "माझ्या पोराचं जागरन हाय."

ती हळूच बोलली होती. पण वाघ्या शेजारीच वाकलेला होता आणि त्याचा माइक चालू होता. माझ्या पोराचं जागरण आहे, हे सगळ्या वस्तीनं ऐकलं. पलीकडच्या रानात ऊस तोडणाऱ्यांनीही ऐकलं असेल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती हे बोलली आणि बोलली ती कर्ण्यातून. मला मोठ्यांदा ओरडावंसं वाटलं. मी रडत होते, हे मला शेजारच्या बाईनं पदर पुढं केला तेव्हा कळलं.

आबांनी थोरलीकडं बघितलं. भावानंही थोरलीकडंच बघितलं. नाही म्हणायचं काम नेहमी तिच्याकडं असायचं ना. थोरलीनं गुडघ्याखालची उशी काढली, हातावर जोर दिला आणि वीतभर बाजूला सरकली. ये म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. नुसती सरकली. वाघ्या जुना माणूस. त्यानं ती वीत बघितली, दिमडीवर थाप मारली आणि येळकोट केला, म्हणजे कुणाला काही बोलायला सवड राहू नये.

सुनेला भंडारा थोरलीनंच लावला. मग नवी नवरी वाटी घेऊन उठली आणि वाकून माझ्या आईपुढं धरली. तिला कुणी सांगितलं होतं की तिचं तिलाच सुचलं, मला माहीत नाही. आईनं चिमटीऐवजी मूठच भरली. भंडारा पोरीच्या कपाळावर कमी आणि नाकावर जास्त पडला. नवरीच्या पाठोपाठ भाऊही सरकत आला. त्यानं आपणहून कपाळ पुढं केलं. नाही म्हणता न येण्याचा एवढा एक फायदा मी त्याच्यात आयुष्यात पाहिला.

पुढं बाणू मेंढरं घेऊन आली, टॉवेल गुंडाळले गेले, शिट्ट्या झाल्या. आबांनी या वेळी डोळे पुसले नाहीत. जमिनीकडं बघत बसले होते.

पंगती उठल्यावर थोरली देव घेऊन देव्हाऱ्यात गेली. मी पाठोपाठ गेले, भांडायच्या तयारीनंच. तिनं खंडोबा ठेवला. मग हात फडक्यात घातला, एक टाक काढला आणि खंडोबाला लावून ठेवला. मी वाकून बघितलं. कोकरू.

"मोठी आई, ती बाणाई आहे. वाघ्यानं सांगितलं ना आत्ता."

"डोळं हायती मला." ती दुसरा टाक घंटेमागं ठेवत म्हणाली. "मी लगीन होऊन आले तवा ह्याच्यापेक्षा ठसठशीत दिसायचं कोकरू. कान सुदिक दिसायचं."

मी खालीच बसले. म्हणजे तिला माहीत होतं. आईच्याही आधीपासून माहीत होतं.

"पयली कडंलाच असायची ती," थोरली म्हणाली. "तुझा भाऊ हिकडं आनला, त्या दिवशी मी हितं घेतली तिला. पोरगं घेतलं मी तिचं. काय तरी द्यायला पायजे का नगं?"

मला बरं वाटायला हवं होतं. उलट संतापच आला. "मग टाकाला कशाला दिलं? माणसाला द्यायचं होतं. मळ्यात जिवंत बाई होती की."

ती माझ्याकडं वळली. डोळे कोरडे होते. "टाक बसवला तर कोन इचारतंय? तुझ्या आईला बसवली असती, तर मी कुठं बसायचं होतं?"

एकच गोष्ट या दोघींना इतकी वर्षं ठाऊक होती, आणि दोघींनी ती एकमेकींपासून लपवली. एकीनं उठवतील म्हणून, दुसरीनं उठावं लागेल म्हणून. ठाऊक नव्हतं ते फक्त रोज आंघोळ करून हात जोडणाऱ्याला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून नव्या सुनेची हाक आली. भांडी आवरत होती ती, आणि आमच्या घरातली नावं तिला अजून कुणी शिकवली नव्हती.

"आई, उरलेलं पुरण कशात काढू?"

थोरलीनं तोंड उघडलं. पण त्याच्या आत मागच्या दारातून, भांड्यांच्या ढिगापलीकडून, माझ्या आईनं "ओ" दिली. गावातल्या घरात, कॅनॉलच्या अलीकडं. थोरलीनं तोंड मिटलं आणि समोरच्या टाकावर फूल ठेवलं.

"पितळीत काढ गं," आई आतून म्हणाली. "आन झाकन ठेव त्याच्यावर."